काऽ

सियू बेटावर उतरले तेव्हा
तिथल्या भाषेतले तीनच शब्द गाठीला होते :
पाणी, कितीला, आणि माफ करा.
चौथा बी तूमानं दिला, शेगडीपलीकडून,
मान वर न करता :
काऽ.

मला ऐकू आलं, का?
म्हणून उभ्यानंच सांगत सुटले :
दवाखान्यात नवा वजनकाटा आलाय,
बाळांची वजनं घ्यायला मी आलेय,
वर्षभर, तुमची वरची खोली मिळाली तर.
तिनं सगळं ऐकून घेतलं,
पायानं स्टूल पुढे सारलं,
आणि पुन्हा म्हणाली : काऽ.
बस.

मग शब्द कुठंही भेटू लागला.
ओहोटीला शेबवाना तिवरांत शिरायचा,
बिळात आकडा घालून थांबायचा
नाडी बघत असल्यासारखा,
आणि माडाच्या दोरीनं बांधलेला खेकडा
माझ्या नाकासमोर धरायचा : काऽ!
संध्याकाळी नातू आवेसो
शेजारून फुटक्या थाळीत निखारा आणायचा,
दारातूनच ओरडायचा : काऽ! काऽ!
म्हणजे बाजूला व्हा, भाजेल.
खेकड्याला पुढं एक शेपूट लागतं, निखाऱ्याला दुसरं,
व्याकरण शाळामास्तरांनी समजावलं. माझ्या डोक्यात
दोन्ही एकाच शेगडीवर चढले.

दवाखान्यात एक पोरगा तोंड उघडून म्हणाला,
काकाऽ दुखतोय.
मी बाहेर बाकावर त्याचा काका शोधत होते.
तालू. टाळ्याला म्हणतात.
नर्स दिवसभर हसत होती.

आमच्याकडे उंबऱ्यावरूनच परत फिरणाऱ्याला विचारतात,
विस्तव न्यायला आला होतात का?
हे बी तूमाला मोडकंतोडकं सांगितलं.
ती म्हणाली, पण विस्तव म्हणजेच तर बस.
आणि कुठं राहतेस, हेही त्याच शब्दानं विचारतात.
तू कुठं काऽ?
मी वर बोट दाखवलं. वरच्या खोलीत.
नाही, म्हणाली, खरं सांग.
मला सांगता आलं नाही.

शेबवाना तापानं गेला, तीन दिवसांत.
दुपारी गेला, अस्ताआधी पुरला.
बी तूमा इद्दतीला बसली,
चार महिने दहा दिवस,
आणि त्या बसण्यालाही, अर्थात,
तोच शब्द.
मी तिचा बाजार आणायचे. कोळसा, नारळ, रॉकेल.
खेकडे नाही आणले.

प्रवाळी दगडाच्या भिंतीवर कावळा यायचा.
म्हणतात, ह्यांचे पूर्वज आमच्याच बाजूनं
जहाजातून आले.
तो तेवढा माझ्या भाषेत बोलायचा :
का? का?
एकदा मी तिला विचारलं,
शेबवानाचं काही राहिलंय का, मनातलं?
आमच्यात हे कावळ्याला विचारतात, हे नाही सांगितलं.
तिनं बराच विचार केला.
आकडा, म्हणाली. खेकड्याचा. तो अथमानचा.
दोन रमजानांपूर्वी मागून आणला होता,
अथमान लाजेनं मागत नाही.
मी आकडा पोचवून आले.
कावळा दुसऱ्या दिवशीही आला, तेव्हा माझ्या हिशेबात
काही बसेना.

इद्दत सुटली त्या सकाळी
ती बाहेर पडली नाही.
आंघोळ केली, कपडे बदलले,
दार सताड उघडलं,
आणि त्याच्या वेळेला, ओहोटीच्या,
शेगडी पेटवून दोन कप मांडले.
मी दारात. माझ्या तोंडून निसटलं,
घरचं, कोणालाही न विचारलेलं :
का?

बी तूमानं माझ्याकडे पाहिलं.
मग स्टूल ओढून
बसली.

कोळसा दमट होता.
पाण्याला आधण यायला
खूप वेळ लागला.